दुकानाची घरपट्टी: आकडा येतो कुठून?

श्रोतेहो, नमस्कार.

एप्रिल महिना उजाडला की बेळगावच्या गणपत गल्लीपासून शहापूरच्या खडेबाजारापर्यंत, उद्यमबागेतल्या शेडपासून निपाणीच्या वखारींपर्यंत एकच विषय निघतो. यंदा घरपट्टी किती आली? शेजारच्या गाळ्याला किती आली, आणि आपल्याला त्याहून जास्त का आली? चर्चा होते ती शेवटच्या आकड्याची, आणि महसूल विभागाच्या खिडकीवर वाद होतो तोही त्याच आकड्यावरून. तिथला कारकून तो आकडा बदलू शकत नाही, कारण तो त्याने ठरवलेला नसतो. आकड्याच्या मागे चार-पाच नोंदी असतात आणि त्या दुरुस्त होऊ शकतात. व्यावसायिक मालमत्तेच्या संदर्भात या नोंदी कोणत्या, त्यांतून कर कसा निघतो आणि तो समजून घेण्याचा आपला हक्क कुठपर्यंत आहे, याविषयी आज बोलायचे आहे.

जमीन आणि इमारतींवरील कर हा राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टानुसार राज्याच्या अखत्यारीतला विषय आहे. राज्याने कायदा करून तो वसूल करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना दिलेला असतो. त्यामुळे आपली मालमत्ता कोणत्या संस्थेच्या हद्दीत येते, हे आधी पाहावे लागते. बेळगाव शहराला १९७६ चा कर्नाटक महानगरपालिका कायदा लागू आहे. निपाणी, खानापूर यांसारख्या शहरांना १९६४ चा नगरपालिका कायदा लागू होतो, तर शहराला लागून असलेल्या हिंडलगा, उचगाव, यळ्ळूर अशा गावांतल्या दुकानांची आकारणी १९९३ च्या पंचायत राज कायद्याखाली ग्रामपंचायत करते आणि तिथे ई-स्वत्तूचा, म्हणजे ग्रामीण मालमत्तांच्या ऑनलाइन नोंदीचा, नऊ आणि अकरा नंबरचा उतारा महत्त्वाचा ठरतो. कॅम्पमधले दुकान मात्र कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, म्हणजे केंद्राच्या २००६ च्या कायद्याखाली येते. तिथला कर वार्षिक भाडेमूल्यावर बसतो. एक दुकान कॅम्पात आणि दुसरे गावात असलेल्या व्यापाऱ्याने आपली दोन बिले शेजारी ठेवून तुलना करण्यात काहीच अर्थ नाही, कारण दोन्हींचा पायाच वेगळा आहे. पुढचे विवेचन मुख्यतः महानगरपालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीतल्या मालमत्तांविषयी आहे.

या शहरांतही पूर्वी भाडेमूल्याचीच पद्धत होती. इमारत भाड्याने दिली तर वर्षाला किती उत्पन्न येईल याचा अंदाज पालिकेचा अधिकारी करीत असे आणि त्यावर कर बसत असे. त्या अंदाजात अधिकाऱ्याच्या मर्जीला भरपूर वाव होता, हे जुन्या व्यापाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. २००२ पासून कर्नाटकात भांडवली मूल्यावर आधारित स्वयंमूल्यांकनाची पद्धत आली. दुकान भाड्याने दिले आहे की आपणच चालवतो, भाडे किती येते, याचा या हिशेबाशी संबंध उरला नाही. जागेची किंमत किती आणि इमारतीची किंमत किती, एवढेच प्रश्न राहिले.

‘स्वयंमूल्यांकन’ या शब्दाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचे वर्ष आणि वापर ही माहिती मालकाने स्वतः भरून द्यायची आणि त्यावरून निघणारा कर स्वतः भरायचा, अशी ही व्यवस्था आहे. आपण ज्याला बिल म्हणतो ते बहुतेक वेळा आपणच, किंवा आपल्या वडिलांनी, कधीतरी भरून दिलेल्या माहितीवर संगणकाने केलेला यंदाचा हिशेब असतो. चुकीची नोंद असलेले चलन आपण दरवर्षी निमूटपणे भरत गेलो, तर ती चूक दरवर्षी आपल्याच नावाने कायम होत जाते. माझ्या मते बाजारपेठेतल्या निम्म्याअधिक तक्रारींचे मूळ दरवाढीत नसून या जुन्या, कुणी पुन्हा न तपासलेल्या नोंदींत आहे.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. नोंदणी व मुद्रांक खाते प्रत्येक भागासाठी, प्रत्येक रस्त्यासाठी जमिनीचे मार्गदर्शक मूल्य जाहीर करते. खरेदीपत्र करताना उपनिबंधक कार्यालयात जो दर धरला जातो, तोच हा दर. मालमत्ता करासाठी या मूल्याचा कायद्याने ठरवलेला काही हिस्साच विचारात घेतला जातो. जमिनीच्या मूल्यात इमारतीचे मूल्य मिळवतात. आरसीसी स्लॅब, कौलारू छप्पर, पत्र्याची शेड असे बांधकामाचे प्रकार आणि त्यांचे वेगवेगळे दर ठरलेले असतात. इमारत जितकी जुनी तितकी त्यातून घसारा म्हणून वजावट मिळते. असे निघालेले करपात्र मूल्य आणि त्यावर पालिकेने ठरवलेला शेकडा दर यांचा गुणाकार म्हणजे मूळ कर. निवासी वापराला हा दर कमी असतो आणि व्यावसायिक वापराला जास्त.

उदाहरण घेऊ. यातले दर केवळ गणित समजावे म्हणून धरले आहेत, ते कोणत्याही पालिकेचे नाहीत. समजा, एका गल्लीत ६०० चौरस फुटांच्या जागेवर दुमजली इमारत आहे. खाली ५०० चौरस फुटांचे कापडाचे दुकान आणि वर तेवढेच घर. जमिनीचे करपात्र मूल्य चौरस फुटाला १,००० रुपये धरले तर ६ लाख रुपये होतात. ते दोन मजल्यांत सारखे वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला ३ लाख येतात. बांधकामाचा दर चौरस फुटाला ६०० रुपये धरला तर एका मजल्याचे ३ लाख होतात आणि २० टक्के घसारा वजा जाता २ लाख ४० हजार उरतात. म्हणजे एका मजल्याचे करपात्र मूल्य ५ लाख ४० हजार रुपये. दुकानाला १ टक्का दर धरला तर ५,४०० रुपये आणि घराला अर्धा टक्का धरला तर २,७०० रुपये, असा मूळ कर ८,१०० रुपये झाला.

चलन एवढ्यावर थांबत नाही. मूळ करावर राज्याचे उपकर बसतात. आरोग्य उपकर १५ टक्के, ग्रंथालय उपकर ६ टक्के आणि भिक्षुक पुनर्वसनासाठीचा उपकर ३ टक्के, असे मिळून २४ टक्के होतात. आपल्या उदाहरणात ही रक्कम १,२१५ अधिक ४८६ अधिक २४३, म्हणजे १,९४४ रुपये येते आणि बेरीज १०,०४४ वर जाते. हे उपकर पालिका गोळा करते, पण ते ज्या त्या कामासाठी पुढे सुपूर्द करायचे असतात. उभ्या आयुष्यात सरकारी वाचनालयाची पायरी न चढलेला व्यापारीही ग्रंथालयासाठी पैसे देतच असतो. आपल्या प्रभागातल्या वाचनालयात मराठी वर्तमानपत्रे येतात की नाही, हे विचारण्याचा त्याला चांगलाच अधिकार आहे. याखेरीज घनकचरा व्यवस्थापनाचे शुल्क वेगळ्या रकान्यात येते आणि ते व्यवसायाच्या स्वरूपाप्रमाणे बदलते.

आता याच उदाहरणात एक नोंद बदलून पाहू. वरचा मजलाही व्यावसायिक म्हणून नोंदला गेला असेल तर मूळ कर ८,१०० ऐवजी १०,८०० होतो. उपकर मूळ करावर बसत असल्याने तेही वाढतात आणि एकूण रक्कम १३,३९२ रुपये होते. एका शब्दापायी वर्षाला ३,३४८ रुपये जास्त. बेळगावच्या जुन्या गल्ल्यांत पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर आणि माडीवर बिऱ्हाड अशी रचना सर्रास आढळते, तिथे ही चूक होण्याची शक्यता फार असते. उलट बाजूही सांगितली पाहिजे. माडीवर बिऱ्हाड नाही, मालाचे गोदाम आहे, आणि नोंद मात्र निवासी आहे, असे असेल तर आज कमी कर भरल्याचे समाधान तपासणी होईपर्यंतच टिकते. त्यानंतर मागील वर्षांचा फरक दंडासह भरावा लागतो.

क्षेत्रफळाच्या नोंदीकडेही असेच पाहावे. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असल्याने शहरात सिटी सर्व्हेचा उतारा मिळतो. त्यावरचे क्षेत्र चौरस मीटरमध्ये असते आणि बोलाचालीत आपण चौरस फूट वापरतो. एक चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६ चौरस फूट, हे रूपांतर एकदा स्वतः करून चलनावरच्या आकड्याशी ताडून पाहावे. रस्तारुंदीकरणात दुकानाची पुढची जागा गेली असेल आणि चलनावर जुनेच क्षेत्र असेल, तर जी जमीन आता आपल्याकडे नाही तिचाही कर आपण भरत आहोत. कारखानदारांनी शेडच्या छताचा प्रकार आणि भोवतालच्या मोकळ्या जागेची नोंद तपासावी. पत्र्याची शेड आरसीसी म्हणून लागली असेल तर उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीला बसणारा फरक किरकोळ नसतो. बांधकामाचे वर्ष नोंदलेलेच नसेल, तर पन्नास वर्षांच्या इमारतीलाही तिच्या वयाचा घसारा मिळणार नाही. जुना बांधकाम परवाना किंवा विजेच्या जोडणीचा जुना कागद पुरावा म्हणून उपयोगी पडतो. खाते, म्हणजे पालिकेच्या दप्तरातली मालमत्तेची नोंद, अजून आजोबांच्या नावावर आणि दुकाने तिघा भावांची, अशा ठिकाणी चलन एकच निघते. कर कुणी किती भरायचा हा मग पालिकेचा प्रश्न राहत नाही, घरचा होतो. वाटणीपत्र झाले असेल तर खाते वेगळे करून घेणे, हाच त्यावरचा उपाय आहे.

दरवर्षीच्या वाढीबद्दल नाराजी आहे, तीही थोडी तपासून पाहू. पूर्वीच्या तरतुदीनुसार दर तीन वर्षांनी किमान १५ टक्के वाढ होत असे. नंतरच्या दुरुस्तीने दरवर्षी ३ ते ५ टक्के वाढ आली. नऊ वर्षांत तीन वेळा १५ टक्के म्हणजे एकूण सुमारे ५२ टक्के होतात, आणि दरवर्षी ३ टक्के धरले तर नऊ वर्षांत सुमारे ३० टक्के. दरवर्षी ५ टक्के वाढ केली तर मात्र ती ५५ टक्क्यांपर्यंत जाते. वाढ दरवर्षी दिसते म्हणून ती मोठी वाटते, पण खरा फरक पालिकेने ३ टक्के निवडले की ५, यात आहे. तो निर्णय होण्याआधी आपल्या नगरसेवकाशी बोलण्यात अर्थ आहे. खिडकीवरच्या कारकुनाशी बोलून काही होणार नाही.

भरण्याच्या वेळेविषयी थोडक्यात. एप्रिलमध्ये संपूर्ण कर भरल्यास ५ टक्के सवलत मिळते आणि सरकारने मुदत वाढवली तर ती पुढेही चालते. मे आणि जूनमध्ये सवलत नाही आणि दंडही नाही. जुलैपासून महिन्याला २ टक्के दंड लागतो. मार्चपर्यंत थांबणाऱ्याच्या मूळ करावर १८ टक्क्यांचा बोजा चढतो, आणि दुकानासाठी काढलेल्या बँकेच्या कर्जाच्या व्याजापेक्षा तो बहुधा जास्तच असतो.

बिल समजावून सांगण्याचा प्रश्न आपल्या भागात भाषेशीही जोडलेला आहे. चलन कन्नडमध्ये येते. ‘आस्ती तेरिगे’ म्हणजे मालमत्ता कर, ‘वाणिज्य’ म्हणजे व्यावसायिक, ‘चदर अडी’ म्हणजे चौरस फूट, ‘सवकळी’ म्हणजे घसारा, ‘रियायती’ म्हणजे सवलत आणि ‘ओट्टु’ म्हणजे एकूण. एवढे रकाने ओळखता आले तरी चलन बरेचसे वाचता येते. पण करदात्याने अंदाजाने वाचावे आणि पालिकेने समजावून सांगू नये, ही व्यवस्था बरी नव्हे. जिथे भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के किंवा अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेले जुने धोरण आहे, आणि आपले गाऱ्हाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने दिला आहे. व्यवहाराचा सल्ला मात्र असा की अर्ज मराठीत लिहावा आणि सोबत कन्नड प्रत जोडावी. हक्क अबाधित राहतो आणि अर्ज टेबलावर पडून राहण्याचे एक कारण कमी होते.

अर्जात कर जास्त आला असे मोघम लिहू नये. कोणती नोंद चुकली, खरी नोंद कोणती आणि तिचा पुरावा काय, एवढेच लिहावे. सिटी सर्व्हेचा उतारा, मागील तीन-चार वर्षांच्या पावत्या, आणि वापराविषयी वाद असेल तर घरगुती व व्यावसायिक वीजमीटरची वेगवेगळी बिले जोडावीत. अर्ज महसूल विभागात आवक क्रमांक घेऊनच द्यावा. महसूल अधिकाऱ्याकडे दाद लागली नाही तर आयुक्तांकडे जावे. महानगरपालिकेत कर, अर्थ आणि अपील यांसाठी स्थायी समिती असते, तिच्या सदस्यांपर्यंतही विषय नेता येतो. अर्ज प्रलंबित आहे म्हणून कर थांबवू नये, कारण दंडाचे महिने अर्जाच्या निकालाची वाट पाहत नाहीत. चलन भरावे, हरकत कायम ठेवून भरत असल्याचे पत्र द्यावे, आणि नोंद दुरुस्त झाल्यावर जादा गेलेली रक्कम पुढच्या वर्षाच्या करात वळती करण्याची मागणी त्याच अर्जात आधीच लिहून ठेवावी.

नमस्कार.