बायबलमधल्या यिर्मया 29 चं 11 वं वचन सगळ्यांना पाठ, 10 वं कोणी वाचलंय?

सलाम मंडळी, जय ख्रिस्त! आवाज येतोय ना नीट? मागे कुकर लावलाय, शिट्ट्या होतील, मी काही एडिट करणार नाहीये.

तर, "ताई, रोज बायबल कसं वाचायचं" या एका प्रश्नाच्या इतक्या कमेंट झाल्यात की आता टाळणं बरं दिसत नाही. बेसिक गोष्टी फटाफट सांगते कारण त्या तुम्हालाही माहितीयेत. वेळ कुठलीही चालते, पहाटे चारलाच उठलं पाहिजे असं काही नाही, मी 8.14 च्या लोकलमध्ये लेडीज डब्यात उभ्याने वाचते, शेजारी एक काकू हरिपाठ वाचतात, माझी पिशवी त्या मांडीवर घेतात आणि पुढे गर्दी झाली की दोघी आपापलं पुस्तक डोक्याच्या वर धरतो. मोबाईलवर वाचलं तर चालतं का? चालतं, पण नोटिफिकेशन बंद करा. सुरुवात कुठून? मार्कपासून, येशूच्या जीवनावरचं पुस्तक आहे, 16 अध्याय आहेत, रोज एक, दोन आठवड्यांत जवळपास संपतं. झालं.

"उत्पत्तीपासून का नको, पहिलं पुस्तक तेच ना" असं विचारणाऱ्यांनो, हिशोब करा. पूर्ण बायबल 1189 अध्याय, वर्षात संपवायचं तर रोज सव्वातीन. 1 जानेवारीला जोशात सुरू केलं, रोज तीन, उत्पत्तीचे 50, निर्गमचे 40, म्हणजे 30 जानेवारीला निर्गम संपतं आणि 31 ला नियमांचं पुस्तक, लेवीय, उघडतं, आणि तिथे आपली गाडी जी सिग्नलला उभी राहते ती ईस्टरपर्यंत हलत नाही. माझी सलग चार वर्षं तिथेच अडकली.

पाचव्या वर्षी नेट लावून वाचलं. लेवीय 14 मध्ये घराच्या भिंतीला धरलेल्या बुरशीचा नियम आहे, हिरवट-तांबूस चट्टे दिसले तर याजकाला, म्हणजे पुरोहिताला, बोलवा, सात दिवस घर बंद ठेवा, खराब दगड काढा, भिंत खरवडा, नवा गिलावा करा. आमच्या चाळीत जुलैमध्ये कपाटामागे अगदी हाच रंग येतो हो! पण मला धरून ठेवलं ते 36 व्या वचनाने. याजक तपासायला आत जायच्या आधी घरातलं सामान बाहेर काढून ठेवायला सांगितलंय, कारण त्याने घर अशुद्ध ठरवलं की आतलं सगळंच अशुद्ध ठरणार. म्हणजे गरिबाची भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण वाचावं म्हणून नियमातच सोय करून ठेवलीय. मी त्या दिवशी भांडुप ते सीएसटी तेवढं एकच वचन परत परत वाचत होते.

एका दादांनी लिहिलंय, "जुनं मराठी कळत नाही म्हणून इंग्लिश वाचतो, चालेल का?" चालेल की, पण कळत नाही म्हणून मराठी सोडू नका, सोप्या भाषेतली भाषांतरं आहेत. पंडिता रमाबाईंनी तर उतारवयात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल केलं, तिकडे केडगावला मुक्ती मिशनमध्ये, साध्या बायकांना कळावं म्हणून. त्या 1922 ला गेल्या, पूर्ण बायबल छापून आलं 1924 ला. आणि आपण म्हणतो वेळ मिळत नाही.

बरं, आता ज्यासाठी मी खरं कॅमेरा लावलाय ते. वचनाचे फोटो. सकाळी सहाला फॅमिली ग्रुपवर सूर्योदय, त्यावर गुलाब, त्यावर यिर्मया 29:11, "तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत", खाली 40 जणांचं आमेन. माझा वचनाला विरोध नाही, प्लीज कमेंटमध्ये सुरू होऊ नका, मलाही 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत ताटातून नव्या वर्षासाठीचं वचनाचं कार्ड उचलायला आवडतं, हात थरथरतो अजून. माझं म्हणणं एवढंच की 11 वाचलंत तर 10 पण वाचा.

10 मध्ये काय आहे? सत्तर वर्षं. ही चिठ्ठी यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमहून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, कैदेत नेलेल्या लोकांना पाठवलेली आहे, आणि तो म्हणतो की बाबेलची सत्तर वर्षं भरली की मग देव तुम्हाला परत आणेल. म्हणजे ऐकणाऱ्यातला चाळिशीचा माणूस परत जाणार नाहीये, त्याची नातवंडं जातील. म्हणून वर 5 पासून सांगितलंय की घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्या शहराचं भलं बघा. आणि त्याच्या आधीचा 28 वा अध्याय वाचा, तिथे हनन्या नावाचा संदेष्टा उभा राहून सांगतो, दोन वर्षांत सगळं परत मिळेल. लोकांना कोणाचं आवडलं असेल सांगा. हनन्याचा फोटो बनवला तर ग्रुपवर 40 काय, 400 आमेन पडतील.

हे मला का लागलं सांगते. माझे आजोबा नगर जिल्ह्यातून आले, गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, त्या वर्षीचं त्यांचं कार्ड हेच, 29:11, घरात सगळ्यांना माहीत होतं. आजोबा म्हणायचे, संप मिटला की दोन वर्षांत गावी घर बांधू. संप मिटला असं कोणी कधी सांगितलंच नाही. खोलीला रंग दिला नाही त्यांनी, म्हणायचे कशाला, जायचंच आहे. [बायबल कॅमेऱ्याला दाखवते] हे त्यांचं. दिसतंय? 11 खाली पट्टी लावून रेघ मारलीय, आणि बाजूला पेन्सिलने लिहिलंय, "ज्वारी 10 किलो उधार". 5 वं वचन कोरं आहे. त्याच पानावर आहे हो, चार बोटं वर.

दुसऱ्या बाजूने सांगते. माझ्या मुलाच्या दहावीच्या क्लासच्या ग्रुपवर परीक्षेच्या आदल्या रात्री फिलिप्पै 4:13 आलं, "मी सर्व काही करायला शक्तिमान आहे". मुलगा म्हणाला, मम्मी मग मी बीजगणित सोडू का! त्याला 11 आणि 12 वाचायला लावलं. हे प्रेषित पौलाचं पत्र आहे, तो बेड्यांत आहे, फिलिप्पै शहरातल्या मंडळीने पैसे पाठवलेत त्याचे आभार मानतोय, आणि म्हणतोय की मला भरल्या पोटी राहता येतं, उपाशीही राहता येतं, आहे त्यात राहायला मी शिकलोय. "सर्व काही" म्हणजे ते. जिंकणं नाही, मार्क नाही, उपाशी राहणं सुद्धा. मुलाचा चेहरा पडला, पण बीजगणित केलं त्याने.

आणि तिसरं, ते आकडे पौलाने घातलेले नाहीत! त्याने सलग पत्र लिहिलं होतं. नव्या करारातले, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागातले, आज आपण वापरतो ते वचनांचे आकडे रोबेर एस्तिएन नावाच्या फ्रेंच छापखानेवाल्याने 1551 ला घातले, सापडायला सोपं जावं म्हणून. पत्ता शोधायला दिलेला नंबर आपण दरवाजाच समजून बसलो.

अजून नाही पटत? मी एकदा दादरला अनाउन्समेंट अर्धी ऐकली, "ठाण्याला जाणारी" एवढं ऐकून चढले. "जलद" कानात गेलंच नाही. माझं भांडुप न थांबता डोळ्यासमोरून गेलं आणि मी दारात उभी राहून हात हलवल्यासारखं करत होते. अनाउन्समेंट खोटी नव्हती हो.

बरं, "ताई, विश्वास वाढतोय हे कळतं कसं" असंही एकीने विचारलंय, नाव नाही घेत. मला नेमकं नाही सांगता येणार. एक प्रसंग सांगते. आई हॉस्पिटलला होती तेव्हा माझा बायबलमधल्या स्तोत्रांचा क्रम चालू होता, रोज एक, आणि त्या रात्री नेमकं 88 आलं. स्तोत्र 88 तुम्ही कुठल्या कार्डावर बघितलंय? नाही बघणार. बाकीची बहुतेक दुःखाची स्तोत्रं शेवटी तरी वळण घेतात, देवा तुझी स्तुती वगैरे, हे नाही घेत, ते अंधारातच संपतं. मी वॉर्डाच्या बाहेर बाकड्यावर बसून पान उलटून बघितलं की पुढे काही राहिलंय का, नव्हतं. आणि मला बरं वाटलं, विचित्र आहे पण बरं वाटलं, की असं तोंडावर बोललेलं सुद्धा देवाने पुस्तकातून काढून टाकलं नाही. फोटोवाल्या वचनांवर राहिले असते तर 88 माझ्या वाट्याला कधी आलंच नसतं. दुसऱ्या दिवशी 89 वाचलं. 52 वचनं आहेत, अर्ध्यात झोप लागली.

हां, झाल्या शिट्ट्या. एक काम करा, या व्हिडिओखाली आमेन लिहू नका. तुमच्या यंदाच्या कार्डावरचं वचन लिहा आणि त्याच्या आधीच्या वचनात काय आहे ते लिहा, बायबल उघडून, गुगल करून नाही. आणि ज्यांचं कार्ड 29:11 आहे त्यांनी मला आधी सांगा, घराला रंग कधी देताय.