जननदर, शाळा आणि बाईचं काम

श्रोतेहो, नमस्कार.

महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईला आयुष्यभरात सरासरी किती मुलं होतील याचा अंदाज, १.७ आहे, असं आपण ऐकतो. घरोघरची मुलं मोजून काढलेली ही सरासरी नव्हे. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचे पाच-पाच वर्षांचे सात गट करतात. प्रत्येक गटात दर स्त्रीमागे वर्षाला किती जन्म झाले ते काढतात, सातही आकड्यांची बेरीज करतात आणि तिला पाचाने गुणतात, कारण प्रत्येक गटात बाई पाच वर्षं काढते. बेरीज ०.३४ आली, की दर १.७.

यात एक मेख आहे. पहिलं मूल तेविसाव्याऐवजी सत्ताविसाव्या वर्षी होऊ लागलं, की मधल्या काळात दर घसरतो, मग पुढे प्रत्येकीला पूर्वीइतकीच मुलं का होईनात! मुली जास्त शिकू लागतात त्या वर्षांतला आकडा म्हणून जपून वाचावा.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशभरात शाळेची पायरी न चढलेल्या स्त्रियांचा दर २.८ आला, बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्यांचा १.८. या एका मुलाच्या फरकात गरिबीही मिसळलेली आहे, सगळं श्रेय शाळेला देऊ नये. तरी मुलगी वर्गात बसते तोवर सहसा बोहल्यावर चढत नाही, हे शिक्षणाचं पहिलं काम. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, तेव्हा हे काम अजून बरंच उरलंय.

आता नोकरी. बाई कमावू लागली म्हणून मुलं कमी झाली, हे आपल्याकडे फारसं लागू पडत नाही. आपल्याकडे दर उतरवला तो मुख्यतः ऑपरेशनने. लवकर लग्न, लागोपाठ दोन मुलं आणि पंचविशीच्या आसपास नसबंदी. त्याच पाहणीत राज्यातल्या विवाहित स्त्रियांपैकी ४९ टक्के जणींची नसबंदी झालेली होती. आंध्र प्रदेशात हे प्रमाण सत्तरच्या घरात आहे आणि दर तिथेही १.७ च.

शिवाय काम कसलं, यावर बरंच ठरतं. घरच्या शेतात बांधावर झोळी टांगून खुरपणी होते, तिथे मूल आणि काम एकमेकांच्या आड कमी येतात. ठरल्या वेळेच्या कामावर, घरापासून लांब, ते आड येतात. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा दिली आणि पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. रोजंदारीवरच्या बाईला यातलं सहसा काही मिळत नाही. तिच्यासाठी गावात असते अंगणवाडी. पण तिथे बसवून शिकवतात ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांना, तेही काही तासच. तीनच्या आतल्या बाळाला पोषण आहार घरी न्यायला मिळतो. बाळाला दिवसभर सांभाळायचं कुणी, ते घरातल्या आजीवर नाहीतर थोरल्या बहिणीवर येतं, आणि बहिणीवर आलं की तिची शाळा बुडते.