सातबारा आणि आय-ट्वेंटी

(मे महिन्यातली सकाळ. बिरसी, जिल्हा गोंदिया. विमानाची घरघर.)

बिरसीला विमान दिसायच्या आधी ऐकू येतं. खाली उन्हाळी धानाची कापणी चाललेली, वर शिकाऊ विमानाच्या चकरा. ते खाली येतं, चाकं टेकतात न टेकतात तोच पुन्हा वर उठतं. बांधीतलं कुणी मान वर करत नाही. रोजचंच आहे. धावपट्टी इंग्रजांच्या काळातली. आता तिथं देशभरातली मुलं वैमानिक व्हायला येतात.

आणि या आवाजात वाढलेली एक मुलगी निघाली आहे फ्लोरिडाला.

घराशेजारी विमानं असताना इतक्या लांब कशाला? कमर्शियल परवान्याला 200 तासांचं उड्डाण लागतं. आपल्याकडे पावसाळा, धुकं, विमानासाठी लागणारा नंबर, यात तास लांबत जातात. तिकडे लवकर उरकतं, असा तिचा हिशोब. बारावीला फिजिक्स आणि गणित होतं, डीजीसीए, म्हणजे आपल्याकडची विमान वाहतुकीची सरकारी यंत्रणा, तिची मेडिकलही झाली. राहिला व्हिसा.

(टेबलावर पसरलेले कागद.)

अमेरिकेतल्या प्रत्येक फ्लाइंग स्कूलला परदेशी विद्यार्थी घेता येत नाही. ज्या शाळेला तिथल्या सरकारची मान्यता आहे, तीच आय-ट्वेंटी, म्हणजे व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं पत्र देते, आणि तीही कोर्सचा पैसा कुठून येणार हे दाखवल्यावर. मग सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे 350 डॉलर, व्हिसाचे 185. व्हिसा मिळतो तो बहुतेक ठिकाणी एम-1, म्हणजे धंदेशिक्षणाचा. कॉलेजातल्या मुलांचा एफ-1 वेगळा. एम-1 वर शिकताना कुठलीही नोकरी करता येत नाही. तिथं पोचल्यावर तो बदलून एफ-1 ही करून घेता येत नाही. शिक्षण संपलं की दर चार महिन्यांमागे एक महिना कामाचा अनुभव घ्यायची मुभा, फार तर सहा महिने. ‘तिकडे पार्टटाइम करून हप्ते फेडू’ हे एजंटच्या तोंडी फार गोड लागतं. एम-1 वर ते चालत नाही.

पहिली ठेच लागली नावाला. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग तिचं नाव, मग वडिलांचं. आधारवर वडिलांचं नाव मध्ये. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि वडिलांच्या नावात एक ‘ए’ जास्त. आपल्याला तिन्ही ठिकाणी एकच मुलगी दिसते. कॉम्प्युटरला तीन दिसतात. आय-ट्वेंटीवरचं नाव पासपोर्टप्रमाणेच हवं, म्हणून सगळं थांबवून आधी तो ‘ए’ काढावा लागला.

खरी गंमत पुढे आहे. अमेरिकेचा कायदा असं धरून चालतो की व्हिसा मागणारा तिथंच राहायला आलाय. तसं नाही हे पटवायचं काम अर्जदाराचं. मग गावाशी बांधून ठेवणारं काय दाखवायचं? बाबांनी पेटीतून सातबारा काढला. साडेतीन एकर धानाची जमीन. इंग्रजी भाषांतर झालं, सीएकडून किमतीचा दाखला झाला.

तोच सातबारा बँकेत नेला, तर मॅनेजरनी हळूच परत सरकवला. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण लागतं, आणि शेतजमीन बँका सहसा तारण घेत नाहीत, कारण कर्ज बुडालं तर सरफेसी कायद्याखाली ती जप्त करता येत नाही. बाबा बाहेर येऊन म्हणाले, “काहून बाप्पा, तिकडे दाखवाले चालते आन् इथं चालत नाही?” शेवटी मामाचा गोंदियातला एनए प्लॉट पुढे आला.

(जुनी वर्तमानपत्रं.)

उडायला शिकणाऱ्यांची तपासणी जास्त कडक का, याला इतिहास आहे. 11 सप्टेंबर 2001 ला विमानं इमारतींवर नेणारे अमेरिकेतच उडायला शिकले होते. हल्ल्याला बरोबर सहा महिने झाले, त्या दिवशी त्यातल्या दोघांना विद्यार्थी म्हणून मंजुरी मिळाल्याची पत्रं फ्लोरिडातल्या त्यांच्या शाळेत येऊन पडली. मेलेल्या माणसांची! तिथल्या सरकारची पार शोभा झाली. आता एम-1 हातात असला तरी टीएसए ही सुरक्षा यंत्रणा बोटांचे ठसे घेऊन पूर्वेतिहास तपासते. तिचा होकार येईपर्यंत उड्डाणाचं शिक्षण सुरू होत नाही. 2025 पासून विद्यार्थ्यांना सोशल मीडियाची खातीही उघडी ठेवायला सांगितलंय. तिच्या इन्स्टाग्रामवर होतं काय? पोळ्याचे बैल, मैत्रिणीची हळद आणि बिरसीवरून जाणारी विमानं. ती शेवटची काढून टाकू का, हा घरात दोन दिवस चाललेला वाद. ठेवली.

(विदर्भ एक्स्प्रेस. मुंबई, पहाट.)

आदल्या दिवशी ठसे आणि फोटो, दुसऱ्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलात मुलाखत. काचेपलीकडून चार-पाच प्रश्न. हीच शाळा का? पैसे कोण देणार? परत येऊन काय करणार? डीजीसीएचे पेपर देऊन परवाना बदलून घेणार, मग एअरलाइनमध्ये अर्ज, असं ती म्हणाली. पासपोर्ट पलीकडेच ठेवून घेतला, म्हणजे व्हिसा मंजूर. तीन मिनिटंही झाली नसतील.

बाबा बाहेर फुटपाथवर बसले होते. त्यांनी एकच विचारलं, “सातबारा पायला का त्यायनं?”

“मागितलाच नाही.”

त्यांनी फाईल उघडून कागद घडीवर घडी करून खिशात ठेवला. सोमवारी सोसायटीत पीककर्जाला लागणार होता.