डोंगर हिरवा दिसतो, ओला असतोच असं नाही

नमस्कार मंडळी. विषय जाहीर झालाय तो ‘वणव्याच्या धोक्याचा नकाशा कसा करावा’ असा. नकाशावर येणारच आहे, पण आधी गवत वाळवू.

यवतेश्वरचा उतार, अजिंक्यतारा, जरंडेश्वर. सातारकरांना वणवा काय असतो हे सांगायची गरज नाही. फेब्रुवारी उजाडला की रात्री डोंगरावर आगीची माळ दिसते. माझी तक्रार नकाशांबद्दल आहे. बरेच नकाशे हिरवेपणा मोजतात आणि त्यालाच ओलावा म्हणतात. लाल आणि निअर इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशाचं गणित मांडलं की पान किती हिरवं ते कळतं, त्यात पाणी किती ते नीट कळत नाही. अंजनी आणि जांभूळ वर हिरवीगार असतात, खाली कुसळीचं गवत कडकडीत वाळलेलं असतं. उपग्रहाला वरचा शेंडाच दिसतो. मग तो भाग नकाशावर हिरवा रंगतो आणि नेमका तिथेच जाळ पळतो.

म्हणून आधी वजनाचा काटा. झाकणाचे ॲल्युमिनियमचे डबे घ्या, प्रत्येकावर नंबर घाला आणि झाकणासकट रिकाम्या डब्याचं वजन लिहून ठेवा. गवताचा नमुना दुपारी एक ते तीनच्या दरम्यान कापायचा. सकाळी कापलात तर दव मोजलं जातं. मुळं आणि माती नकोत. हिरवी पाती एका डब्यात, वाळलेली दुसऱ्यात. दोन्ही एकत्र केलीत तर येणारा आकडा कुठल्याच गवताचा नसतो. झाकण लगेच लावा आणि डबा सावलीत ठेवा. झाकणाच्या आत थेंब जमले तर पुसू नका, ते गवतातलंच पाणी आहे! पुष्कळ मुलं स्वच्छतेच्या सवयीनं रुमाल काढतात. पाव किलो कंदी पेढे घेताना आपण काट्याकडे जसे टक लावून बघतो, तेवढंच लक्ष इथे हवं.

ओलं वजन झालं की झाकण उघडून डबे १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये २४ तास. बाहेर काढल्यावर लगेच झाकण लावायचं, नाहीतर वाळलेलं गवत हवेतली ओल परत ओढतं. आता हिशेब. रिकामा डबा ४० ग्रॅम, ओल्या गवतासह १२०, वाळल्यावर ९०. म्हणजे ओलं गवत ८०, सुकं ५०, पाणी ३०. ओलावा किती? मागून कुणीतरी साडेसदतीस म्हणालं. नाही, ६० टक्के. या शास्त्रात भागाकार सुक्या वजनानं करतात. त्यामुळे कोवळ्या पाल्याचा ओलावा १०० टक्क्यांच्या वरही जातो. तो आकडा बघून घाबरून खोडू नका.

मेलेल्या गवताची गोष्ट वेगळी. सहा मिलिमीटरपेक्षा बारीक काडी तासाभरात हवेशी जुळवून घेते. पहाटे दवानं भिजलेली काडी, दुपारी हवा ३६ अंश आणि आर्द्रता २० टक्के झाली की चार-पाच टक्क्यांवर येते. मनगटाएवढं लाकूड मात्र कित्येक दिवस घेतं. सेंटिनेल-२ हा उपग्रह आपल्यावरून सकाळी साडेदहा-अकराला जातो, दुपारची काडी त्याला कशी दिसणार? तेव्हा जिवंत पानाचा ओलावा उपग्रहावरून आणि मेलेल्या गवताचा तापमान-आर्द्रतेवरून काढायचा. आज माझं सगळं सांगणं या एका वाक्यासाठी आहे.

गवत किती, हेही मोजा. एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकून गवत कापा आणि वाळवून तोला. ३०० ग्रॅम भरलं तर हेक्टरी ३ टन. कासच्या बाजूच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, उघडा जांभा दगड नकाशात सगळ्यात कोरडा दिसतो, पण तिथे जळायला आहे काय? आधीच जळून काळ्या झालेल्या उताराचंही तेच.

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा नकाशा भरभर सांगतो.

सेंटिनेल प्रकाश वेगवेगळ्या पट्ट्यांत, म्हणजे बँडमध्ये, मोजतो; त्यातले बँड ८ए आणि बँड ११ घ्या. ८ए वजा ११, भागिले दोघांची बेरीज. बँड ११ मधला प्रकाश पाणी शोषून घेतं, म्हणून पान ओलं तितका आकडा मोठा. उपग्रहाच्या चित्रातला एक चौकोन (पिक्सेल) २० मीटरचा आहे, त्यामुळे नमुन्याची जागा किमान ६० बाय ६० मीटर एकसारखी हवी, पायवाट किंवा बांध मध्ये नको. डिसेंबर-जानेवारीत त्या वेळी सूर्य आग्नेयेला आणि खाली असतो, वायव्येकडच्या उतारावर सावली पडते. ते चौकोन गाळा. मग डब्यांचे आकडे आणि उपग्रहाचे आकडे आलेखावर मांडून रेषा काढा. गवताळ सड्याची रेषा वेगळी, कोयनेच्या दाट रानाची वेगळी.

जुन्या आगींची ठिकाणं वापरताना कराड-वाळव्याकडचं उसाचं पाचट आठवा. उपग्रहावरून आगी टिपणाऱ्या व्हीआयआयआरएस या उपकरणाचा चौकोन ३७५ मीटरचा, त्यात शेतातला जाळही आग म्हणूनच नोंदला जातो. शेतजमीन आधी वगळा. उलट डोंगरावरची गवताची आग उपग्रह यायच्या आधीच पेटून विझते, म्हणून नोंदीत आगीचा ठिपका नाही तिथे आग लागली नाही असं धरू नका.

शेवटी उतार. चढावर दर दहा अंशांना जाळाचा वेग साधारण दुप्पट होतो. दक्षिण आणि पश्चिम उतार आधी वाळतात. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढायचा क्रम यावरून लावा: गवत भरपूर, ओलावा कमी, खाली रस्ता किंवा वस्ती आणि वर चढ, अशी जागा पहिली. सड्यावरचं गवत दिवाळीनंतर पिवळं पडायला लागतं, तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी डबे भरा आणि नकाशावर तारीख घाला. बीटावरच्या, म्हणजे नेमून दिलेल्या वनहद्दीतल्या, वनरक्षकाच्या हातात मार्चमध्ये डिसेंबरचा नकाशा जाता कामा नये.