मंडई आणि महापालिकेची तिजोरी

नमस्कार श्रोतेहो. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात तुम्ही कधी तरी आंब्याची पेटी घ्यायला गेला असाल. आज त्या इमारतीच्या खर्चापासून सुरुवात करतो.

1865 च्या कायद्यानं शहराचा कारभार आर्थर क्रॉफर्ड या एकट्या आयुक्ताच्या हाती आला. माणूस कर्तबगार. रस्ते, गटारं, ही मंडई, सगळं झपाट्यानं उभं राहिलं. पण हात धरणारं कुणी नव्हतं! तिजोरीला ओढ लागली, कर वाढले, आणि 1871 मध्ये करदाते खवळले. तरुण फिरोजशहा मेहतांचं म्हणणं होतं, आयुक्त राहू द्या, पण त्याच्यावर लोकांनी निवडलेली सभा हवी. 1872 मध्ये 64 सभासदांची सभा आली, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. मग 1888 चा कायदा झाला. मुंबई आजही त्यावरच चालते.

म्हणजे कसं, तर आयुक्त राज्य सरकार नेमतं आणि अंमलबजावणी त्याची. महापौरांना मान मोठा, खर्चाचे अधिकार थोडे. अंदाजपत्रक मात्र आयुक्तानं नगरसेवकांच्या स्थायी समितीपुढे मांडायचं, मोठी कंत्राटं तिच्याच मंजुरीनं द्यायची. समितीत टक्केवारी चालते हा आरोप जुना आहे, मी तो झटकत नाही. पण माझ्या वॉर्डातल्या तुंबलेल्या नाल्यासाठी पैसे का नाहीत, हे नगरसेवक तिथे उभं राहून विचारू शकतो.

7 मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि आयुक्तच प्रशासक झाले. 2023, 2024, 2025, तिन्ही वर्षी अंदाजपत्रक तयार करणारा आणि मंजूर करणारा एकच. शेवटचं तर 74 हजार कोटींच्या वर, गोवा राज्याच्या अंदाजपत्रकाच्या दुपटीहून मोठं. मला हे फार खुपतं.

त्या मंडईला आता महात्मा जोतीराव फुल्यांचं नाव आहे. जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा विषय आला, तेव्हा हे पैसे गरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणत त्यांनी एकट्यांनी विरोधात मत दिलं. ते आजही सांगितलं जातं. मुंबईच्या त्या तीन अंदाजपत्रकांवर नगरसेवकाचं एकही मत नाही, बाजूचं नाही की विरोधातलं नाही.