शून्य गळतीची शाळा

मंडळी, 2002 साली अमेरिकेत शहरी शाळांसाठी एक मोठं पारितोषिक सुरू झालं, ब्रॉड प्राइझ. मुलांचा निकाल सुधारणाऱ्या, त्यातही गरीब आणि अल्पसंख्य मुलांना पुढे आणणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टचा, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेचा, गौरव करायचा आणि बक्षिसाची रक्कम तिथल्याच मुलांना कॉलेजच्या शिष्यवृत्त्या म्हणून द्यायची. पहिला मान टेक्सासमधल्या ह्यूस्टनला मिळाला. ह्यूस्टनच्या शाळांचे आधीचे प्रमुख (सुपरिंटेंडंट) रॉड पेज तेव्हा देशाचे शिक्षणमंत्री झाले होते.

पुढच्याच वर्षी शार्पस्टाउन हायस्कूलचं प्रकरण बाहेर आलं. सुमारे 1,700 मुलांची शाळा. 2001-02 मध्ये 463 मुलं शाळा सोडून गेली होती, आणि शाळेने कळवलेली गळती होती शून्य. कोणी दुसऱ्या शाळेत गेलं, कोणी मायदेशी परतलं, असा काही ना काही संकेतांक प्रत्येकाच्या नावापुढे होता. राज्याने ह्यूस्टनमधल्या सोळा शाळांची दप्तरं तपासली. शाळा सोडून गेलेल्या सुमारे साडेपाच हजार मुलांपैकी जवळजवळ तीन हजारांची नोंद 'गळती' म्हणून व्हायला हवी होती, ती झालेली नव्हती. मुख्याध्यापकांची कंत्राटं आणि बोनस याच आकड्यांशी बांधलेले होते, एवढं सांगितलं की बाकीचं तुम्हाला समजेल.

इथे एक खुलासा करतो. स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला महसुली जिल्हा नव्हे. शाळांचा कारभार बघणारा तो एक स्वतंत्र घटक असतो. बहुतेक ठिकाणी निवडून आलेलं स्कूल बोर्ड असतं, पैशाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो. देशात असे तेरा हजारांच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत. आपल्यासारखी एका बोर्डाची दहावी-बारावीची परीक्षा तिथे नाही. नववी ते बारावी ठरलेले क्रेडिट, म्हणजे विषय पास झाल्यावर मिळणारे गुणांक, जमवले की डिप्लोमा मिळतो आणि हे क्रेडिट शाळाच देते. शिकवणारे, पास करणारे आणि निकालावर कौतुक झेलणारे, सगळे एकाच छताखाली.

आता गणित. शाळा पूर्ण करणाऱ्यांच्या टक्केवारीत अंश आणि छेद असतात. अंशाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, लबाडी छेदात होते. बरीच वर्षं प्रत्येक राज्य आपापल्या सोयीचा छेद घ्यायचं. 2008 मध्ये केंद्र सरकारने नियम केला आणि 2010-11 पासून सगळ्या देशाला एकच मोजमाप लागू झालं. नववीत पहिल्यांदा आलेली सगळी मुलं धरायची. नंतर बाहेरून आलेली मिळवायची. दुसरीकडे गेलेली, देश सोडून गेलेली किंवा दगावलेली वजा करायची, पण वजा करायला लेखी पुरावा हवा. शेजारी म्हणाले ते गाव सोडून गेले, हे चालणार नाही. उरलेल्यांपैकी चार वर्षांत किती जणांनी नियमित डिप्लोमा घेतला, तो दर. पहिल्या वर्षी देशाचा आकडा 79 टक्के निघाला, 2018-19 पर्यंत तो 86 वर गेला. माझ्या मते त्या काळातल्या सगळ्या शैक्षणिक सुधारणांत हा रुक्ष नियमच सर्वांत टिकाऊ ठरला. त्याच्या नावाने कोणी सत्कार केला नाही, ते सोडा.

छेद पक्का झाला म्हणून अंश सुरक्षित झाला असं मात्र नाही. वॉशिंग्टन शहरातल्या बॅलू हायस्कूलमध्ये 2017 साली 164 मुलं पास झाली आणि सगळ्यांना कॉलेजात प्रवेश मिळाला, अशी वाहवा झाली. मग पत्रकारांनी हजेरी तपासली. निम्म्याहून अधिक मुलांची गैरहजेरी महिनोन्‌महिन्यांची होती. शहराने चौकशी लावली, तेव्हा त्या वर्षीच्या 2,758 डिप्लोमांपैकी 937, म्हणजे तीनात एक, नियम डावलून दिलेले निघाले. बुडालेलं क्रेडिट भरून काढण्याचे झटपट वर्गही त्यात होते.

मग मोजायचं तरी काय? मला शिकागोचं उदाहरण आवडतं. तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी 2005 मध्ये दाखवलं, की नववी संपताना मुलाकडे किमान पाच क्रेडिट असतील आणि मुख्य विषयांत एकाहून जास्त सत्रांत नापास नसेल, तर तो मार्गावर आहे असं धरावं. मार्गावर असलेल्यांपैकी 81 टक्के मुलं चार वर्षांत पार पडली, नसलेल्यांपैकी 22 टक्के. आठवीच्या चाचणीतले गुण बघून एवढं कळत नव्हतं. ही माहिती नववीच्या शिक्षकाच्या हातात वर्ष चालू असतानाच पडते, हे तिचं खरं मोल. कोणत्या मुलाची हजेरी घसरते आहे, कोण गणितात अडकला आहे, हे ऑक्टोबरमध्येच दिसतं आणि तेव्हा काही करता येतं. 2007 ते 2013 या काळात शिकागोत मार्गावर असलेल्या मुलांचं प्रमाण 57 वरून 82 टक्क्यांवर गेलं. अर्थात 2015 मध्ये त्याच शिकागोत गळालेली मुलं 'बदली' म्हणून दाखवल्याचं उघड झालं आणि आधीच्या वर्षांचे आकडे खाली आणावे लागले. शहाणी पद्धत असली म्हणून दप्तर आपोआप खरं बोलत नाही.

आपल्याकडे वळू. 2025 मध्ये दहावीचा राज्याचा निकाल 94.10 टक्के लागला, कोकण विभागाचा 98.82. कोकणाच्या मुलांच्या मेहनतीवर मला शंका घ्यायची नाही. पण हा छेद परीक्षेला बसलेल्यांचा. नववीत ज्याला 'तू सतरा नंबरचा फॉर्म भर', म्हणजे परीक्षेला बाहेरून बस, असं सांगून बाजूला केलं, तो शाळेच्या निकालात नाही. आठवीनंतर जी मुलगी आलीच नाही, ती कुणाच्याच निकालात नाही. केंद्राने 2022 पासून जिल्ह्यांच्या शालेय शिक्षणासाठी 600 गुणांची श्रेणी जाहीर करायला सुरुवात केली, त्यात तेव्हा 83 निर्देशक होते. मला त्र्याऐंशी नकोत, एकच द्या: अमुक वर्षी जिल्ह्यात पाचवीत असलेल्या मुलांपैकी किती जण दहावी पार झाले? सरल आणि यू-डायस या सरकारी ऑनलाइन नोंदींमुळे प्रत्येक मुलाला क्रमांक मिळाला आहे, त्यामुळे हे काढता येतं.

मघाशी बीडच्या एका शिक्षिकेने विचारलं, ऊसतोडीला गेलेली आमची मुलं कुणाच्या खात्यावर धरायची? स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून दिलं जाणारं शिक्षण हमी कार्ड आहेच. तिकडच्या शाळेने मूल दाखल झाल्याची लेखी पोच दिली, की छेद तिकडे सरकला. पोच आली नाही तर ते मूल बीडच्याच छेदात राहील. बाई म्हणाल्या, म्हणजे निकाल आमचाच पडणार. हो, काही वर्षं पडेल. तेवढी वर्षं बीडला कोणी नोटीस काढू नये, एवढं शिक्षण आयुक्तांकडून आधी लिहून घ्या.