वाचलेला कोळसा कुठे गेला?

स्क्रीनवर जे वरखाली होताना दिसतंय ना, ते वाफेचं इंजिन आहे, खाणीत साचलेलं पाणी उपसणारं. १७१२ मध्ये थॉमस न्यूकमननं असलं इंजिन चालू केलं आणि ते काम करायचं पण कोळसा नुसता गिळायचं. का, तर सिलिंडरमध्ये वाफ सोडायची, मग त्याच सिलिंडरमध्ये गार पाणी मारून त्या वाफेचं पाणी करायचं, म्हणजे दर फेरीला तोच धातू तापवा, गार करा, परत तापवा. अर्धी अधिक उष्णता सिलिंडर तापवण्यातच जायची.

१७६५ मध्ये जेम्स वॉटला सुचलं की वाफ गार करायला वेगळं भांडं लावू, सिलिंडर गरमच राहू दे. बस, एवढंच. पण तेवढ्यानं त्याच कामाला लागणारा कोळसा निम्म्याच्याही खाली आला. पुढे वॉट आणि त्याचा पार्टनर मॅथ्यू बोल्टन खाणमालकांशी सौदा कसा करायचे माहितीये? जुन्या इंजिनाच्या मानानं जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीतला एक तृतीयांश हिस्सा आम्हाला द्या. म्हणजे बचत हाच त्यांचा धंदा होता, आणि मला हा सौदा आजही फार आवडतो.

मग ब्रिटनमध्ये कोळशाचा खप कमी झाला का? उलट वाढतच गेला. कारण वाफेची ताकद स्वस्त झाल्यावर ती फक्त खाणीत कशाला राहील, ती गिरण्यांत गेली, रेल्वेत गेली, जहाजांत गेली. १८६५ मध्ये विल्यम स्टॅनली जेव्हन्स नावाच्या अर्थतज्ज्ञानं हे नेमकं पकडलं, की इंधन काटकसरीनं वापरलं म्हणजे एकूण वापर कमी होतो हा समजच चुकीचा आहे. यालाच आज जेव्हन्सचा विरोधाभास म्हणतात. संसाधनं जपून वापरा असं कोणीही म्हणालं की मला पहिल्यांदा हाच प्रश्न पडतो, वाचलेलं जातं कुठे?

आता आजचे आकडे बघा. १९७० मध्ये सगळं जग मिळून वर्षाला साधारण ३,००० कोटी टन माल पृथ्वीतून काढत होतं, म्हणजे वाळू, खडी, खनिजं, इंधन, पिकं, लाकूड सगळं धरून. आज तो आकडा १०,००० कोटी टनांच्या वर गेलाय. माणशी काढलं तर रोज ३० किलोपेक्षा जास्त. आणि या पन्नासेक वर्षांत इंजिनं सुधारली, भट्ट्या सुधारल्या, दिवे तर कुठल्या कुठे गेले, तरी हे झालंय.

या ढिगातला निम्म्याच्या आसपास भाग म्हणजे वाळू, खडी, चुनखडी, माती. बांधकामाचा माल. सिमेंटच घ्या, जगात वर्षाला ४०० कोटी टनांच्या आसपास बनतं. लोकांना वाटतं भट्टीला सौर वीज लावली की प्रश्न मिटला, पण तसं नाहीये, चुनखडी तापवली की त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, मग भट्टी कशावरही चालवा. म्हणून क्लिंकरच कमी वापरायचं, क्लिंकर म्हणजे भट्टीतून निघणारे ते करडे गोळे, जे दळून सिमेंट होतं. त्याच्या जागी आजवर वीजकेंद्रांची राख आणि पोलाद कारखान्यांची धातुमळी, म्हणजे स्लॅग, घातली जायची, चांगलंच आहे ते, पण कोळसा बंद झाला की राखही बंद. मग भाजलेली माती आणि न भाजलेली चुनखडी घालून केलेलं सिमेंट आलं, त्यात क्लिंकर निम्माच लागतो. क्लिंकरला १४५० अंशांची भट्टी लागते, मातीला ८०० च्या आसपास पुरते. कार्बन ३० ते ४० टक्के कमी. अशी माती जगात खूप ठिकाणी सापडते, त्यामुळे मला यात खरंच आशा वाटते.

पाण्याकडे या आता, कारण इथे तोच कोळशाचा घोटाळा परत होतो. माणूस नद्यांतून, जमिनीतून जेवढं गोडं पाणी उचलतो त्यातलं सुमारे ७० टक्के शेतीला जातं. ठिबक लावलं की थेंब न थेंब मुळाशी, पाणी वाया नाही, आणि एका शेतापुरतं ते अगदी खरंय. पण पाटानं दिलेलं जे पाणी आपण वाया गेलं म्हणतो ना, त्यातलं बरंचसं जमिनीत मुरून खालच्या विहिरीत किंवा नदीत परत जात होतं, कोणाच्या तरी वाट्याचं होतं ते. ठिबकनं ते पाणी वाचतं, मग त्याच पाण्यावर अजून क्षेत्र भिजवलं जातं, जास्त पाणी पिणारं पीक येतं, आणि नदीत उरतं आधीपेक्षा कमी. यात शेतकऱ्याची चूक काढू नका प्लीज, हातात वाचलेलं पाणी आहे तर तो ते वापरणारच. प्रश्न हा आहे की खोऱ्यातून एकूण किती पाणी उचलायचं हे आधी ठरलंय का. ते ठरलं असेल तर ठिबकसारखी दुसरी चांगली गोष्ट नाही.

धातूंचं गणित त्यामानानं सोपं आहे. जुनं ॲल्युमिनियम वितळवून परत वापरलं तर खनिजापासून नवीन करण्याच्या मानानं ९५ टक्के ऊर्जा वाचते, आणि आजवर बनलेल्या ॲल्युमिनियमपैकी जवळपास तीन चतुर्थांश अजून वापरात आहे. याच्या अगदी उलट आपले फोन, लॅपटॉप, चार्जर. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला पाव भागसुद्धा नीट गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद नाही. त्यात सोनं आहे, तांबं आहे, पण बॅटरी गोंदानं चिकटवलेली, स्क्रू उघडत नाही, पार्ट मिळत नाही. हे डिझाइन करतानाच ठरलेलं असतं, आणि याचा मला मनापासून राग येतो.

आता स्क्रीनवर दिसतंय ते शहर आफ्रिकेतल्या नामिबियाचं विंडहूक. चहूकडे कोरडा प्रदेश, बारमाही नदी शेकडो किलोमीटर लांब. इथे जास्तीचं पाणी आणायचं तरी कुठून. म्हणून १९६८ पासून हे शहर स्वतःचं सांडपाणी शुद्ध करून परत पिण्याच्या पाण्यात मिसळतंय, थेट नळाला, आणि तेव्हा असं करणारं जगात दुसरं शहर नव्हतं. ओझोन, कोळशाचे थर, बारीक पडद्यांची गाळणी, एकामागून एक टप्पे, आणि कुठल्याही एकाच टप्प्यावर भरवसा टाकायचा नाही हा नियम. कारखान्यांचं पाणी आधीच वेगळं काढलं जातं, या प्लांटकडे घराघरांतलंच येतं. सतत तपासणी चालू असते, आणि पाणी ठरलेल्या प्रतीचं नसेल तर ते शहराकडे सोडलंच जात नाही. आत्ता जो ग्लास भरताना दिसतोय, त्यातलं काही पाणी याच शहरात आधी एकदा वापरून झालंय.